ॲक्शन डिरेक्ट, बेलापूरचा कातळ आणि कॅमेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ठाणे-नवी मुंबईतली सात-आठ जणं थंडीत दर रविवारी कातळावर असतो आणि त्यातला कॅमेरावाला मी. गेल्या सीझनला आमच्या ऐरोलीच्या मैत्रिणीने बेलापूरचा एक रूट (कातळावरचा चढाईचा ठरलेला मार्ग) दोन वर्षांच्या झगड्यानंतर सेंड केला, म्हणजे न पडता पूर्ण केला, त्याची मी बावीस मिनिटांची फिल्म केली, आणि त्या फिल्ममध्ये ॲक्शन डिरेक्ट नावाच्या जर्मनीतल्या रूटची गोष्ट पण येते. तेव्हापासून ज्याला दाखवली तो तेच तेच विचारतो, नातेवाईक वेगळं विचारतात, क्लाइंबिंगवाले वेगळं, शूटिंगवाले तिसरंच. म्हणून सगळ्यांची उत्तरं एकत्र लिहून ठेवतोय.

ॲक्शन डिरेक्ट म्हणजे नेमकं काय?

जर्मनीत न्यूर्नबर्गच्या जवळ फ्रांकेनयुरा नावाचा भाग आहे, जंगलात विखुरलेले चुनखडीचे छोटे छोटे कडे. त्यातल्या वाल्डकोप्फ नावाच्या कातळावरचा हा रूट. वोल्फगांग ग्युलिशने तो १४ सप्टेंबर १९९१ ला पहिल्यांदा पूर्ण केला. उंची म्हणाल तर १५ मीटरच्या आसपास, म्हणजे नौपाड्यातली एखादी जुनी चार-पाच मजली बिल्डिंग धरा. पण ती भिंत उभी नाहीये, तुमच्या डोक्यावर ४५ अंशात पुढे आलीये, आणि धरायला जे आहे ते म्हणजे एक किंवा दोन बोटं जातील एवढी भोकं, तीही बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतच. सुरुवातच उडीने होते, दोन बोटांवर लोंबकळत असताना अंग वर फेकायचं आणि लांबच्या भोकात बोट घालून थांबायचं, पाय सुटलेले असतात, सगळं वजन झोक्यासारखं बाहेर जातं आणि ते त्या पेराने धरून ठेवायचं. इथेच बहुतेकांचं संपतं.

९ए, ८बी+ हे काय आकडे आहेत?

ही फ्रेंच ग्रेडिंग. आकडा वाढला की अवघड, त्याच आकड्यात ए, बी, सी, आणि मध्ये अर्धी पायरी म्हणून प्लस. नियमित क्लाइंबिंग करणारा माणूस काही वर्षांत ६ च्या घरात येतो, ७ साठी आयुष्याचं टाइमटेबल बदलावं लागतं. बदामीला लाल वालुकाश्मावर गणेशा नावाचा रूट आहे तो ८बी+, आपल्या देशातला सगळ्यात अवघड रूट म्हणून बरीच वर्षं त्याचंच नाव घेतलं जायचं. ॲक्शन डिरेक्ट ९ए. जगातला पहिला ९ए म्हणून त्याचंच नाव घेतात, जरी बेन मूनने १९९० मध्ये इंग्लंडमध्ये केलेला हबल नावाचा रूट पण खरं तर ९एच आहे असं आता बरेच जण म्हणतात (त्याने स्वतः ८सी+ दिला होता). मला विचाराल तर या वादात दोघांचाही मोठेपणा कमी होत नाही.

आमच्या मैत्रिणीचा बेलापूरचा रूट ७सीच्या आसपास. हे आधीच सांगतो कारण फिल्ममध्ये ॲक्शन डिरेक्टचं नाव ऐकून काही लोकांना वाटलं तिने तोच केला.

स्पोर्ट रूट म्हणजे? आपले सह्याद्रीतले सुळके चढतात तेच ना?

कातळ तोच पण खेळ वेगळा. सुळक्यावर वर पोचणं महत्त्वाचं असतं, वाटेत मेखा ठोकत, त्याला धरून, कधी शिडी लावून पण जातात आणि त्यात चूक काही नाही, आपल्याकडची मोठी परंपरा आहे ती. स्पोर्ट रूटवर बोल्ट आधीच मारलेले असतात, त्याला क्विकड्रॉ (दोन टोकांना हुक असलेला छोटा पट्टा) लावायचा, रोप क्लिप करायचा, पण तो फक्त पडलात तर वाचवायला. वर जायचं ते स्वतःच्या हातापायांनी, कातळाच्या होल्डवरच, म्हणजे धरायला असलेल्या खाचा-भोकांवर. रोपला वजन दिलं, बोल्टला बोट लावलं, मध्ये लटकून आराम केला, तर ती चढाई धरत नाहीत, खाली या आणि पुन्हा सुरुवातीपासून.

याला रेडपॉइंट म्हणतात आणि हा शब्द पण त्याच फ्रांकेनयुरातला. १९७० च्या दशकात कुर्ट आल्बर्ट नावाचा क्लाइंबर मेखेला हात न लावता जो रूट पूर्ण करायचा त्याच्या पायथ्याशी लाल रंगाचा ठिपका काढायचा. आज जगभर जो खेळ चाललाय त्याचा नियम त्या ठिपक्यातून आलाय.

१५ मीटरचं काय कौतुक? आपला कोकणकडा त्याच्या कितीतरी पट मोठा आहे.

हा प्रश्न मला माझ्या काकांनी विचारला, ते जुने ट्रेकर, हरिश्चंद्रगडाच्या वाऱ्या केलेले, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. कोकणकडा चढायला लागते ती हिंमत, दम, दिवसभर डोकं शांत ठेवायची ताकद. ॲक्शन डिरेक्टला लागते ती वेगळीच गोष्ट, माणसाच्या बोटाकडून जास्तीत जास्त काय होऊ शकतं त्याची हद्द. ग्युलिश काही एकदम आकाशातून पडला नाही, १९८४ ला त्याने ८बी केला, १९८५ ला ऑस्ट्रेलियात ८बी+, १९८७ ला परत फ्रांकेनयुरात ८सी, आणि या प्रत्येक वेळी तो ग्रेड जगात पहिल्यांदाच कोणीतरी केला होता. मग ९ए. एकाच माणसाने जगाची हद्द चार वेळा सरकवली.

आणि त्यासाठी त्याने ट्रेनिंगच नवीन शोधून काढलं. न्यूर्नबर्गच्या कॅम्पस नावाच्या जिममध्ये १९८८ ला त्याने पुढे झुकलेल्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, आणि पाय अजिबात न लावता नुसत्या बोटांवर एका पट्टीवरून वरच्या पट्टीवर उड्या मारायला सुरुवात केली. आज कुठल्याही क्लाइंबिंग जिममध्ये जाल तर तो कॅम्पस बोर्ड दिसेल. तोपर्यंत लोक म्हणायचे क्लाइंबिंगसाठी क्लाइंबिंग करा, बास. ग्युलिशने बघितलं की आपल्याला कमी काय पडतंय, एका झटक्यात बोटाने पकड घेण्याची ताकद, आणि तेवढंच बाजूला काढून त्यावर काम केलं. मला हा रूट ऐतिहासिक वाटतो तो आकड्यापेक्षा या कारणाने जास्त.

त्याच्यानंतर दुसऱ्या कोणाला तो जमायला १९९५ उजाडलं, अलेक्झांडर आडलरने केला. ते बघायला ग्युलिश नव्हता, १९९२ च्या ऑगस्टमध्ये हायवेवर गाडीचा अपघात होऊन तो गेला, वय ३१.

आता तर लहान मुलं पण ९ए करतात म्हणे, मग आता त्यात काय राहिलं?

काही जण करतात, हो. आदाम ओंद्राने २००८ मध्ये ॲक्शन डिरेक्ट केला तेव्हा तो १५ वर्षांचा होता, आणि आलेक्स मेगॉसने २०१४ मध्ये दोनेक तासांत संपवला. पण पहिल्या महिलेची चढाई व्हायला २०२० साल लागलं, फ्रान्सच्या मेलिसा ल नेव्हने केली, आणि तिने त्यासाठी कितीतरी वर्षं त्या जंगलात फेऱ्या मारल्यात. आमच्या मैत्रिणीला ग्युलिशपेक्षा मेलिसाची गोष्ट जास्त जवळची वाटते. ती म्हणते दोन तासांत करणाऱ्याकडून मला शिकता येत नाही, वर्षानुवर्षं परत जाणारीकडून येतं.

नाव असं विचित्र का?

१९८० च्या दशकात फ्रान्समध्ये या नावाची एक अतिरेकी संघटना होती, तिच्यावरून. रूट बोटांवर थेट हल्ला करतो असा त्याचा अर्थ. नाव मला आवडत नाही, पण रूटचं नाव पहिला करणारा ठेवतो, ते आपण बदलत नाही.

गच्चीवरच्या त्या लाकडी भिंतीचं काय प्रकरण आहे?

फिल्ममधला हा भाग सगळ्यांना आवडलाय म्हणून सविस्तर सांगतो. मैत्रिणीचा ऑफिस महापेला, घरी यायला आठ वाजतात, कातळ मिळतो फक्त रविवारी. त्यामुळे सोसायटीची परवानगी काढून पाण्याच्या टाकीच्या बाजूला ४५ अंशात प्लायवूडची भिंत उभी केली. त्यावर तिला ॲक्शन डिरेक्टची पहिली उडी बसवायची होती. मोजमाप आमच्याकडे काही नव्हतं, व्हिडिओ थांबवून थांबवून अंदाज घेतला, तेव्हा ती हुबेहूब प्रतिकृती आहे असं आम्ही कुठेही म्हणत नाही.

भोकाचा होल्ड तिच्या बाबांनी केला. बाबा रिटायर्ड फिटर, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत तीस वर्षं काढलेले. सागाचा एक ठोकळा घेतला, ड्रिलने भोक पाडलं आणि मग चार संध्याकाळी कानशीने आतली कड घासत बसले, दर पाच मिनिटांनी तिला बोलवायचे, "बोट घाल बघू", मग परत घासायचे. तिची मधली दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत बरोब्बर जातात, तिसरं जात नाही. कड जरा तीक्ष्ण राहिली की कातडी फाटते आणि जास्त गोल केली की बोट सटकतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, हाताला कळत गेलं. मी तो ठोकळा जवळून शूट केलाय, त्यावर आता तिच्या चॉकचा (हात कोरडे ठेवायची पावडर) आणि घामाचा काळपट डाग बसलाय.

उडी तिला साधारण दोन महिन्यांनी एकदा जमली. एकदाच. त्यानंतर नाही. पण त्या दोन महिन्यांत बेलापूरच्या रूटवरची जी मूव्ह तिला दोन वर्षं अडवत होती, ती हातात यायला लागली.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, जिमला जातो, त्याला कॅम्पस बोर्ड करू देऊ का?

नाही. यावर मी अगदी स्पष्ट बोलतो. वाढत्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकाशी मऊ भाग असतो जिथून हाड वाढतं, त्यावर असा झटका वारंवार बसला की तिथे फ्रॅक्चर होतं, आणि दुर्लक्ष केलं तर बोट कायमचं वाकडं राहू शकतं. त्याला भरपूर चढू द्या, पाय वापरायला शिकू द्या, पडायला शिकू द्या. मधल्या पेरावर दुखतंय असं म्हणाला की लगेच बंद, आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवा, बाम चोळत बसू नका.

मोठ्यांसाठी पण, दोन-तीन वर्षं नियमित चढल्याशिवाय त्या बोर्डाला लटकू नका. स्नायू काही महिन्यांत तयार होतात, बोटातले टेंडन आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे यांना वर्षं लागतात. ते तुटताना आवाज येतो. मी एकदा बिले करताना, म्हणजे खालून चढणाऱ्याचा रोप सांभाळताना, तो आवाज ऐकलाय, सुकी काटकी मोडल्यासारखा, आणि वर लटकलेला मित्र काहीच बोलला नाही, नुसता हाताकडे बघत राहिला.

पण हे सगळं शूट कशाला करायचं? चढलं की झालं ना?

चढणाऱ्यासाठी झालं. बाकीच्यांसाठी नाही. अवघड रूट दिवसभर रिकामा कातळ असतो, खालून बघणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. फिल्म असली तर दहा वर्षांनी इथली एखादी कॉलेजची मुलगी बघेल की अशा भिंतीवर असं अंग टाकून जाता येतं. ख्रिस शर्माने १८ जुलै २००१ ला फ्रान्समध्ये सेयूझला बिओग्राफी हा रूट पूर्ण केला, ९ए+, आणि ती चढाई फिल्मवर आली. झॉन-क्रिस्तोफ लाफायने १९८९ मध्ये बोल्ट मारलेला रूट तो, शर्मा त्यावर कितीदा पडला, कितीदा परत गेला, आणि शेवटी झालं. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी क्लाइंबिंग पहिल्यांदा असंच पडद्यावर पाहिलंय. मग २०१६ ला बोल्डरिंगचा (रोपशिवाय कमी उंचीच्या भिंतीवरची चढाई) वर्ल्ड कप नवी मुंबईत आला, २०१७ ला परत आला, तेव्हा कळलं की हे आपल्या दाराशी पण होऊ शकतं.

दुसरं कारण पुराव्याचं. फ्रेड रूलिंग नावाच्या फ्रेंच क्लाइंबरने १९९५ मध्ये आकिरा नावाचा रूट केला आणि त्याला ९बी दिला, तेव्हा जगात तसा ग्रेडच नव्हता. लोकांनी विश्वास ठेवला नाही, वर्षानुवर्षं त्या माणसाकडे संशयाने बघितलं गेलं. २०२० मध्ये सेब बुआँ आणि लुसियाँ मार्तिनेझ या दोघांनी तो रूट परत केला आणि ९ए असल्याचं सांगितलं. म्हणजे ग्रेड कमी झाला, पण १९९५ साठी तोही केवढा मोठा. पंचवीस वर्षं एक माणूस ते ओझं घेऊन जगला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत न कापलेला एक शॉट असता तर? म्हणून माझा नियम एकच आहे, सेंडचा एक शॉट अखंड पाहिजे, जमिनीवरून पाय सुटल्यापासून वरचा अँकर (रोप अडकवायची पक्की जागा) क्लिप होईपर्यंत, मध्ये कट नाही. बाकी फिल्म कितीही सजवा.

शूट करताना तुम्ही असता कुठे?

रोपवर. पहाटे मागच्या वाटेने वर जायचं, दोन वेगवेगळ्या अँकरना स्टॅटिक रोप बांधायचा, आणि रूटच्या बाजूला दोन-तीन मीटरवर खाली सोडायचा. स्टॅटिक अशासाठी की तो ताणत नाही, क्लाइंबिंगचा रोप वापरलात तर लटकल्यावर वर-खाली होत राहता, फ्रेम स्थिर राहत नाही आणि काठावर रोप घासत राहतो. आपला बेसाल्ट म्हणजे कडा सुरीसारख्या, म्हणून जिथे रोप काठावरून वळतो तिथे जुन्या फायर होजचा तुकडा घालतो, आणि तो घातलाय की नाही हे माझ्याशिवाय अजून एक जण जाऊन बघतो. वर जायला जुमार (रोपवर फक्त वर सरकणारी पकड) आणि पायात स्लिंग, थांबायला ग्रीग्री (रोप अडवून धरणारं उपकरण), आणि खाली रोपला दर काही मीटरवर गाठ मारलेली. कॅमेऱ्याला वेगळी दोरी, लेन्सला वेगळी. लटकलेलं असताना लेन्स बदलायची नाही, हे लिहून ठेवा, खाली माणसं उभी असतात.

दोन तास हार्नेसमध्ये बसलं की मांड्या बधिर होतात. बसायला एक फळी कापून केलीये, त्याने बराच फरक पडतो.

आणि तिथे असताना आपण नाही असं वागायचं. "मस्त", "कम ऑन" काही नाही, तिला हवं असेल तर खालचे ओरडतील. ती पडेल तेव्हा ज्या वाटेने झोका घेणार त्या वाटेत आपला रोप नको, हे आधी जमिनीवर उभं राहून हाताने दाखवून ठरवून घ्यायचं.

खालून मोबाईल धरला तर काय बिघडतं?

खालून अवघड रूट सोपा दिसतो. पुढे झुकलेली भिंत कॅमेऱ्यात सपाट होते, क्लाइंबरचा फक्त पाठीचा भाग दिसतो, हात कुठे आणि किती लहान गोष्टीवर आहे ते कळत नाही. बाजूने घेतलं की भिंतीचा कल दिसतो. पण इथेच फसवाफसवी पण करता येते, कॅमेरा दहा अंश तिरका धरला की साधी उभी भिंत पण छप्परासारखी दिसते आणि नेटवर असे कितीतरी व्हिडिओ आहेत. मी प्रत्येक बाजूच्या शॉटमध्ये मोकळा लोंबणारा रोप फ्रेममध्ये ठेवतो. गवंड्याचा ओळंबा कसा असतो तसा तो रोप सरळ खाली लटकलेला, त्याच्याशी कोणीही भिंत ताडून बघावी.

आणि एक शॉट बोटांचा जवळून. बेलापूरच्या त्या रूटवरची अडलेली मूव्ह ज्या होल्डवर आहे तो एक खाच आहे, सुपारीच्या अर्ध्या खांडाएवढी. ते दाखवल्याशिवाय बघणाऱ्याला कसं कळणार ती का पडतेय.

सेंडच्या दिवशी कॅमेरा बंद पडला असं ऐकलं, खरं का?

खरंय. जानेवारीचा रविवार, मी सकाळपासून रोपवर, तिचे दोन प्रयत्न झाले, दोन्ही त्याच खाचेवरून पडली. डाव्या मधल्या बोटाची कातडी उघडी पडली, टेप लावून तासभर बसली. आम्हाला वाटलं आज संपलं, मी कार्ड तपासलं नाही, बॅटरी बदलली नाही. मग ती उठली आणि म्हणाली "एकदा जाते." मी रेकॉर्ड दाबलं, लाल दिवा पाहिला, आणि मग डोळा फ्रेमवर. ती खाच धरून पुढे गेली तेव्हा माझे हात थरथरत होते. वर अँकर क्लिप झाला, खाली सगळे ओरडले, आणि मी बघतो तर कार्ड भरून रेकॉर्डिंग मूव्हच्या आधीच थांबलेलं.

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं पण नाही. तिला सांगताना शब्द फुटत नव्हते. ती खाली उतरल्यावर म्हणाली, दगडावर फोन लावलाय ना.

फोन होता. आमच्यातल्या एकाने सकाळीच तीन दगडांत उभा करून ठेवलेला, तो दर वेळी चालू करायचा. खालून, वाकडी फ्रेम, अर्ध्या भागात बिलेयरचं हेल्मेट, मागे कोणाचा तरी डबा उघडल्याचा आवाज. पण अखंड. पुढच्या रविवारी तिने त्या मूव्ह माझ्या कॅमेऱ्यासाठी परत केल्या, सुंदर उजेडात, सुंदर अँगलने, आणि मला चार-पाच जणांनी सांगितलं की हेच सेंड म्हणून लाव, कोणाला कळणार. नाही लावलं. फिल्ममध्ये सेंड फोनवरचंच आहे, पूर्ण, पावणेचार मिनिटं. नंतरचे शॉट पण आहेत आणि त्यावर "आठवड्यानंतर पुन्हा चढून घेतलेलं" असं लिहिलंय. जुन्या काळातले कितीतरी प्रसिद्ध फोटो आणि फिल्म असेच नंतर परत चढून घेतलेले आहेत आणि त्यात वाईट काहीच नाही, फक्त ते सांगितलं पाहिजे.

आता प्रत्येक प्रयत्नाआधी कार्ड आणि बॅटरी मोठ्याने बोलून तपासतो आणि खालचा माणूस हो म्हणेपर्यंत ती शूज घालत नाही.

स्लो मोशन आणि म्युझिक कमी का आहे?

उडी एका सेकंदात होऊन जाते. ती आधी खऱ्या वेगात दाखवायची, मग हवी तर हळू. आधीच हळू दाखवली तर माणूस तरंगत गेल्यासारखा वाटतो, त्यातला झटका जातो. म्युझिक अवघड भागावर नकोच, तिथे श्वास ऐकू यायला हवा, चॉकच्या पिशवीतला हात, आणि तो श्वास रोखून धरल्यावरची शांतता. ओंद्राने ३ सप्टेंबर २०१७ ला नॉर्वेच्या फ्लातांगरच्या गुहेत ९सी केला, जगातला पहिला, ४५ मीटरचा. हा माणूस चढताना किंचाळतो म्हणून प्रसिद्ध, आणि रूट संपल्यावर त्याच्या तोंडून आवाजच फुटला नाही, म्हणून नाव सायलेन्स. तिथे ढोल वाजवला असता तर काय उरलं असतं?

ड्रोन का नाही वापरला?

तीन कारणं. एक, आग्या मोहोळ. आपल्या कड्यांवर मोठाली पोळी असतात, ड्रोनच्या घरघरीने माशा उठल्या तर रोपवर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. अत्तर, बॉडी स्प्रे, खाली सिगरेट, हे पण आम्ही याच कारणाने चालू देत नाही. दोन, परवानगी. येऊरला जायचं म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय उडवायचा नाही. नवी मुंबईत आता विमानतळ झालाय, त्यामुळे उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटच्या नकाशावर तुमची जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघा, छोटा ड्रोन आहे म्हणून चालतं असं नाही. तीन, आवाज. ती अवघड जागी श्वास मोजतेय आणि डोक्यावर पंखा, हे मला जमणार नाही.

कुठला कॅमेरा?

जो आहे तो. माझा सहा वर्षं जुना मिररलेस आहे, एक वाइड लेन्स आणि एक ७०-२००. पैसे असतील तर आधी चांगला स्टॅटिक रोप आणि स्वतःचं हेल्मेट घ्या.

सीझन कुठला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कातळावर शेवाळ आणि पाणी, मे महिन्यात होल्डवर हात ठेवला तर चटका बसतो आणि घामाने बोट साबणासारखं होतं. आपल्याकडची दमट हवा हा मोठा शत्रू आहे, खाडीवरून वारा आला की चॉक लावून पण ओल राहते. थंडीत पहाटे साडेसहा ते नऊ सगळ्यात चांगलं, कातळ गार, कातडी कोरडी, आणि उजेड मऊ. आमच्या भिंतीवर नऊनंतर ऊन येतं, मग अर्धी काळी अर्धी पांढरी फ्रेम, शूटिंग पण संपलं आणि चढणं पण. मुंब्र्याला सावली जास्त मिळते, तरी दगड तापलेले असतात, तिथे डिसेंबरातच जा.

मला पण यायचंय, काय करू?

या. ठाण्याहून पहिली पनवेल लोकल पकडा, बेलापूरला उतरा, स्टेशनबाहेर सव्वासहाला भेटतो. दोन लिटर पाणी, पूर्ण पँट, आणि खायला काहीतरी जे पिशवीत परत नेता येईल. पहिल्या दिवशी चढायला देऊ, बिले शिकवू, कॅमेरा नाही देणार. बिले नीट येते असं आमच्यातल्या दोघांनी सांगितलं की मग वरचा अँकर बघायला माझ्याबरोबर या, फायर होजचा तुकडा बरोबर बसलाय का ते बघायला दुसरा माणूस मला दर रविवारी लागतोच. उशीर झाला तर थेट कातळापाशी या, फोन मी उचलणार नाही, तो तेव्हा तीन दगडांत उभा असतो.